पानगळीची तालीम

डोंगरातली पानगळ बघायला जायचं, हे जेवता जेवता ठरलं. कसं जायचं, हे ठरवता ठरवता उन्हाळा संपला.

मुलीचं म्हणणं सरळ होतं. तिची गाडी होती, तिला सुट्टी मिळत होती, सकाळी निघालं की दिवस मावळायच्या आत तळ्याकाठी. पण तिच्या आईने मान हलवली ती हलवलीच. तिची आई, म्हणजे बाई. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, कारण निम्म्या गावाला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक वेगळा ब्रेक असतो. तो दाबून दाबून त्यांच्या पायाला अशी खोड लागली होती की दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसल्या की पाय आपोआप पुढे रुतायचा, आणि वळण दिसलं की "क्लच, अरे क्लच" असं पुटपुटणं सुरू व्हायचं. मुलगी एकदा भर रस्त्यात गाडी थांबवून खाली उतरली होती. आई, एक तर तू चालव नाहीतर मला चालवू दे, असं म्हणाली होती. तेव्हा बाई हसत हसत उठल्या आणि जाऊन स्टीअरिंगवर बसल्या. आता ती सोय उरली नव्हती.

"बसने नाहीतर रेल्वेने," बाई म्हणाल्या. "तिथे माझा पाय गप्प बसतो. एवढ्या धुडाला आपला ब्रेक लागायचा नाही, हे त्यालाही कळतं." मग नवऱ्याच्या दिशेने तोंड करून म्हणाल्या, "हे बघतील सगळं. बघाल ना, बहुतेकराव?"

"बघतो की," ते म्हणाले. "जमेल बहुतेक."

मुलगी हसली. बहुतेकराव हे नाव छापखान्यातल्या मंडळींनी ठेवलेलं. तिथे ते छापण्याआधीची पानं तपासत. त्यांच्या नजरेखालून गेलेल्या पानात चूक सापडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, पण पान बरोबर आहे ना असं विचारलं की उत्तर ठरलेलं: बहुतेक. आज मंगळवार ना? बहुतेक. तुमचंच लग्न ना हो परवा? बहुतेक. नाव छापखान्यातून घरी आलं आणि निवृत्तीनंतर छापखाना सुटला तरी नाव राहिलं.

खरं तर या वेळी चेष्टेला जागा नव्हती. बाईंच्या नजरेच्या मधोमध एक करडा डाग पडला होता. समोरच्या माणसाचा चेहरा तेवढा त्या डागात जायचा आणि कडेचं सगळं दिसायचं. चालीवरून आणि आवाजावरून त्या माणसं ओळखत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की डाग पसरणार, आणि उजेड जाण्याच्या आधी रंग जातील. पुढच्या पानगळीला पानं पडताना कदाचित दिसतील, पण ती सगळी एकाच रंगाची असतील. घरी येताना बाई म्हणाल्या, "आयुष्यभर लाल दिसला की थांबत आले. एकदा डोंगरभर लाल बघायचाय, न थांबता."

तेव्हा बहुतेकराव कामाला लागले.

वेळापत्रक ही छापलेली गोष्ट, आणि छापलेल्या गोष्टीला आपण घाबरत नाही, अशी त्यांची समजूत होती. ती आठवड्याभरात ढासळली. आगगाडी जंक्शनला पोचायची आणि दरीत जाणारी बस त्याच्या जरा आधी सुटलेली असायची. सकाळची गाडी घ्या, दुपारची घ्या, बस आपली जरा आधी. दोन जावांचं बोलणं बंद असावं तसा कारभार. रेल्वेच्या खिडकीत विचारलं तर बसचं आम्हाला विचारू नका. बसच्या कचेरीत विचारलं तर गाड्या आमच्या नाहीत. तळ्यातली लाँच तर त्याहून शहाणी. डोंगर नुसता हिरवा असतो तेव्हा ती दिवसभर इकडून तिकडे पाणी कापत असायची, आणि डोंगर पेटला की हंगाम संपला म्हणून तिच्या सकाळ-दुपार दोनच फेऱ्या उरायच्या. फोन लावला की आधी बासरी, मग एका गोड गळ्याचं आश्वासन की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग पुन्हा बासरी, आणि शेवटी फोन कट. मुलीने आपल्या फोनवर रस्ता काढून दिला. त्यात बसपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे 'चालत' असं लिहून एक निळी रेघ थेट तळ्याच्या पाण्यातून पलीकडे गेली होती.

"चालत जाऊ," बाई म्हणाल्या. "तुम्ही पुढे व्हा, किती खोल आहे ते सांगा."

बहुतेकरावांना हसू आलं नाही. दिवस सरत होते. रात्री पाठ टेकली की बस सुटल्याचा आवाज यायचा. चिडायचं तरी कुणावर? खिडकीतली माणसं नियमाने बोलत होती, बासरी तर फारच चांगली वाजत होती. ते आपले स्वतःवरच चिडायचे. साधी गाडी शिकलो असतो तर बाईंना या वयात असं ताटकळावं लागलं नसतं. बाईंनी लग्नानंतर दोनदा शिकवून पाहिलं होतं. प्रत्येक चौकात ते विचारायचे, आता जाऊ का? बाई म्हणायच्या जा. तोवर पुन्हा लाल.

शेवटी त्यांनी आपला जुना उपाय काढला. छापखान्यात ते नव्या पोरांना सांगत, पहिलं वाचन हे वाचनच नव्हे. डोळा पहिल्यांदा जे असायला हवं तेच वाचतो. जे आहे ते दुसऱ्यांदा दिसतं. घरातही त्यांचं तेच. दवाखान्यात जायचं तर आदल्या दिवशी जाऊन कुठल्या दाराने आत शिरायचं ते बघून यायचे. बाईंना पहिल्यांदा बघायला गेले त्याच्या आदल्या दिवशीही त्यांच्या घरावरून एक चक्कर मारून आले होते; बाईंनी खिडकीतून बघितलं होतं आणि दुसऱ्या दिवशी चहा देताना विचारलं होतं, कालचे तुम्हीच का? तसंच या सहलीची एक तालीम करायची असं त्यांनी ठरवलं. एकट्याने जाऊन, प्रत्येक बदल स्वतः करून, परत यायचं. मग बाईंना न्यायचं.

उन्हाळ्याच्या शेवटी ते गेले. जंक्शनला बस डोळ्यांदेखत गेली. पुढची येईपर्यंत बाकावर बसून राहिले आणि पहाटेची गाडी धरली तरच हे जुळतं, हे त्यांना तिथे उमगलं. बसमध्ये पुढची जागा चांगली, हे कळलं. लाँचवर उजव्या बाजूला पाणी उडतं, हेही. तळ्यापलीकडच्या अतिथिगृहाच्या मालकिणीला भेटून त्यांनी वरची खोली सांगून ठेवली. आणि संध्याकाळी ते मागच्या वाटेने चढून रानात गेले. वर एक बाक होता, म्हणजे दोन दगडांवर टाकलेली लांब फळी, आणि समोर सगळी दरी. झाडं अजून हिरवी होती.

तिथे बसून त्यांनी ज्या गोष्टीची खरी तालीम करायची होती ती केली. बाईंना नेमकं मधलंच दिसणार नव्हतं. ते त्यांनी शब्दांनी भरून द्यायचं होतं. आजूबाजूला कुणी नाही हे बघून ते हळू आवाजात बोलू लागले. डावीकडे खाली अक्रोडाची रांग आहे, ती पिवळी, बहुतेक. छे. पुन्हा पहिल्यापासून. डावीकडे खाली अक्रोडाची रांग, पिवळी. तिच्यावर तांबूस पट्टा, तो वरपर्यंत... बहुतेक. पुन्हा. समोरच्या हिरव्यात न दिसणारे रंग ते मनाने भरत होते आणि दर वेळी कुठेतरी अडखळत होते. ऊन उतरलं. आणि मग एकदा सगळं न अडखळता झालं. पहिल्या झाडापासून शेवटच्या कड्यापर्यंत, ठाम आवाजात, एकदाही तो शब्द न येता. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. ते खूश झाले आणि घाईघाईने उठले.

उतरताना काहीतरी वर राहिल्यासारखं वाटलं. त्यांनी खिसे चाचपले. चष्मा होता, पाकीट होतं, परतीचं तिकीट होतं. सगळं होतं.

रंग चढल्याची खबर मालकिणीने कळवली, आणि दोघं पहाटेच्या गाडीने निघाली. बाईंनी ठेवणीतला कोट घातला होता. गाडी वेळेवर होती. जंक्शनबाहेर पायऱ्या उतरताना बहुतेकरावांनी बाईंचा हात धरला, आणि बसला वेळ होता म्हणून चहाच्या टपरीकडे वळले.

टपरीवाली त्यांना बघून ओळखीचं हसली. मागच्या बाकावर बसा, ऊन तिथेच येतं, परवा तुम्ही म्हणालात तसं बाईंसाठी उशी आणून ठेवलीय, असं तिने सांगितलं.

बहुतेकराव म्हणाले, ते उन्हाळ्यात आले होते.

"परवा हो," ती म्हणाली आणि कप विसळायला लागली.

बाकावर खरंच उशी होती. बाई तिच्यावर टेकून बसल्या आणि उन्हाकडे तोंड केलं. टपरीवर रोज शंभर म्हातारे येत असतील, तिचा घोटाळा झाला असेल, असा बहुतेकरावांनी विचार केला. एका चेहऱ्याची सात माणसं असतात म्हणतात. पण ते वैतागले. उगाच, बारीकसे. आपण नेमकेपणाने केलेल्या कामात कुणीतरी वेडंवाकडं ढवळलं की वाटतं तसं.

बस आली तर पहिल्या दोन जागांवर रुमाल टाकलेला. त्याच जागांसाठी तर सगळा खटाटोप. चालकाने स्वतःच हात लांब करून रुमाल उचलला.

"या, बाई," तो म्हणाला. "समोरची काच तुमची. हे काल सांगून गेलेत, तुम्हाला कडेने दिसतं म्हणून. मी सकाळीच धुऊन घेतली."

बाईंचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्याला बरं वाटावं. त्या बसल्या, काचेला बोट लावून बघितलं, आणि नवऱ्याचा हात दाबून हळूच म्हणाल्या, "काय काय करून ठेवलंत हो तुम्ही. आणि पत्ता लागू दिला नाहीत."

काल बहुतेकराव घरी होते. दिवसभर. बाईंच्या कोटाचं बटण लावत होते. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण सांगायचं काय? की तुझ्यासाठी काच धुऊन घेणारा मी नव्हे? इतक्या वर्षांत बाई त्यांच्या कुठल्या बंदोबस्तावर अशा खूश झाल्या नव्हत्या. चालकाला रोज तोच रस्ता, त्याला उन्हाळा काय आणि काल काय. आपणच तालमीच्या वेळी बोललो असू.

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "बहुतेक."

बस दरीत शिरली. दोन्ही कडांनी पिवळं सुरू झालं, मग तांबडं. बाई मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्याने बघत होत्या आणि त्यांचा पाय अगदी गप्प होता. बहुतेकराव मात्र बाहेर कमी बघत होते. पाठ केलेलं सगळं त्यांच्या ओठांवर होतं. दोनदा त्यांनी सुरुवात केली आणि दोनदा पहिल्याच झाडापाशी अडखळले.

लाँचच्या धक्क्यावर गार वारा होता. लाँचवाल्याने बाईंना हात देऊन डाव्या बाजूला बसवलं. मग तो बहुतेकरावांकडे बघत राहिला. फळी ओढून घेताना त्याने विचारलं, तुम्ही परत अलीकडे कसे आलात.

बहुतेकरावांनी विचारलं, कुठून परत?

सकाळी याच लाँचने गेलात की पलीकडे, असं तो म्हणाला. एकटेच होतात. उजवीकडे बसू नका, पाणी उडतं, असं तुम्हीच मला सांगत होतात. मी म्हटलं हे कौतुक मला सांगता? त्यानंतर लाँच पलीकडे थांबून रिकामीच परत आली होती, आणि दुसरी होडी या तळ्यात नव्हती.

परवा, काल, सकाळी. चुकलेली ओळ पानावर एकदम उठून दिसावी तसे ते तीन शब्द बहुतेकरावांना दिसले. आणि जन्मात कुणावर आवाज न चढवलेला तो माणूस ओरडला.

"मी नव्हतो. मी आत्ता येतोय. पहिल्यांदा येतोय मी."

लाँचवाल्याने बाईंकडे एकदा बघितलं आणि जाऊन इंजिन सुरू केलं.

"कशाला डाफरता माणसावर?" बाई म्हणाल्या. "आणि पहिल्यांदा काय? स्वतः तर तालीम करून गेलात." त्यांनी शालीचं टोक त्यांच्या गुडघ्यांवर टाकलं. "दमलात तुम्ही. एवढी दगदग करायचं वय आहे का?"

समोरचा डोंगर जवळ येत होता. खरंच पेटला होता. पाण्यात उलटा पडलेला दुसरा डोंगरही पेटलेला होता, आणि लाँच त्याच्यातून जात होती. बाई दोन्हींकडे आळीपाळीने कोपऱ्यातून बघत होत्या. किती लाल आहे, त्या म्हणाल्या, पण मधलं काही दिसत नाही हो. मधे काय आहे?

मधे काय होतं ते बहुतेकरावांना दिसत होतं. सांगता येत नव्हतं.

अतिथिगृहाच्या मालकिणीने गल्ल्यामागून मान वर केली आणि तिच्या हातातलं विणकाम थांबलं. तिने जिन्याकडे बघितलं. पुन्हा त्यांच्याकडे बघितलं.

"अहो, तुम्ही आत्ता वर गेलात ना?"

वरच्या खोलीची किल्ली खुंटीवर नव्हती. ती वर दाराला होती. बहुतेकरावांनी बाईंना जिन्यातच थांबवलं आणि दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. खिडकी उघडी होती. पलंग नीट होता. एक खुर्ची मात्र भिंतीपासून ओढून खिडकीशी आणलेली होती, पण खिडकीकडे तोंड करून नव्हे. तिरकी, जवळजवळ भिंतीकडे बघणारी. कुणालाही वाटलं असतं की चुकून ढकलली गेली. बाईंना डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सगळ्यांत चांगलं दिसतं आणि त्यासाठी खुर्ची नेमकी किती फिरवावी लागते, हे मुलीलाही ठाऊक नव्हतं. ते घरात एकट्या बहुतेकरावांना ठाऊक होतं.

त्यांनी खाली जाऊन दुसरी खोली मागितली. नव्हती. इथून परत जायची लाँच मागितली. ती उद्या. मालकिणीला ते जरा उद्धटपणेच म्हणाले की माझ्याखेरीज कुणालाही वर सोडू नका. तिने बरं म्हटलं. म्हणताना ती त्यांच्याकडे नीट बघत होती. एखादा शब्द बरोबर आहे की नाही असा संशय आल्यावर आपण बघतो तशी.

वर बाई त्या खुर्चीत बसून दरी बघत होत्या. खोली फार छान आहे, म्हणाल्या. बहुतेकरावांनी दाराला आतून कडी घातली आणि खिडकी लावून घेतली. बाईंनी विचारलं, का, तर म्हणाले वारा आहे.

सकाळी डोंगरावरचं धुकं उन्हाने विरत होतं. वर जायचं ते चहानंतर, असं ठरलं. तेवढ्यात परतीच्या लाँचचं पक्कं करून येतो, म्हणजे आजच निघता येईल, असं बहुतेकरावांच्या मनात होतं. बाईंना त्यांनी एवढंच सांगितलं की मी धक्क्यापर्यंत जाऊन येतो, आतून कडी लावून घे, माझा आवाज ऐकल्याशिवाय उघडू नको. बाई हसल्या. तुमचा आवाज मी झोपेतही ओळखेन, म्हणाल्या.

धक्क्यावर फलक होता, पण त्याच्यावर उन्हाळ्याच्याच वेळा होत्या. माणूस नव्हता. ते थांबले. चौकशीच्या खोलीला कुलूप होतं आणि आत फोन वाजत होता. वाजून बंद व्हायचा, पुन्हा वाजायचा. त्यांनी कुलूप हलवून बघितलं. काच ठोठावली. कुणाला हाक मारावी तर कुणी नाही. या सबंध प्रवासात त्यांना एकही माणूस एका साध्या प्रश्नाचं साधं उत्तर द्यायला तयार नव्हता, आणि आता तर प्रश्न विचारायलाही माणूस नव्हता. रडू येईल असं वाटलं. मग ते वळले आणि झपाझप परत आले.

मालकीण दारातच झाडत होती. त्यांना बघून तिने केरसुणी बाजूला धरली.

"कोणाकडे काम होतं?"

वरच्या बाईंकडे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा तिने मान हलवली. त्या नाहीत, म्हणाली. त्या आणि त्यांचे यजमान आत्ताच मागच्या वाटेने वर गेले, झाडं बघायला. अगदी हात धरून नेत होते हो. अशी माणसं आता बघायला मिळत नाहीत.

"तुम्ही त्यांच्या ओळखीचे का?" तिने विचारलं.

"बहुतेक," ते म्हणाले.

वाट चढाची होती. पाचोळा घोट्यापर्यंत होता. थांबायला वेळ नव्हता, पण छाती भरून आली की थांबावं लागायचं, आणि थांबले की वरून आवाज ऐकू यायचा. शब्द कळत नव्हते. एक आवाज सलग बोलत होता. मधे मधे बाई हसत होत्या.

ते हसू त्यांनी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

वर पोचले तेव्हा आवाज थांबला होता. दोन दगडांवर टाकलेल्या त्या लांब फळीच्या मधोमध बाई एकट्या बसल्या होत्या. त्यांची पिशवी पलीकडे ठेवली होती. समोर सगळी दरी जळत होती.

बाईंनी पावलं ऐकली. मान तिरकी करून त्यांनी कोपऱ्यातून बघितलं, बराच वेळ. मग त्या जरा सावरून बसल्या.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "जागा आहे. दमलेले दिसता."

बहुतेकराव फळीच्या अलीकडच्या टोकाला बसले. बोलायला श्वास नव्हता.

बाईंनाच राहवेना. परक्यालाही सांगावंसं वाटावं इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. ती खालची अक्रोडाची रांग दिसते का, त्या म्हणाल्या, तिच्यावर तांबूस पट्टा आहे. त्याच्या मधे एकच झाड अजून हिरवं आहे, आणि त्याच्या शेंड्याला तेवढी आग लागली आहे. त्यांनी बोट केलं. झाड बरोबर तिथेच होतं.

"मला मधलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण आज सगळं दिसलं. आमच्या ह्यांनी दाखवलं. जरा पुढचं झाड बघून येतो म्हणाले, येतीलच."

"अगं," बहुतेकराव म्हणाले. "अगं, मी... मी आहे ना."

बाई दचकल्या नाहीत. थोड्या संकोचाने हसल्या.

"गंमत आहे. तुमचा आवाज थोडासा ह्यांच्यासारखाच आहे," त्या म्हणाल्या. "पण ते असे अडखळत नाहीत."

बहुतेकरावांना पुष्कळ सांगायचं होतं. कोटाचं बटण, निळी रेघ, तिरकी खुर्ची. बायकोला पटेल असं एकच वाक्य, ठाम, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. त्यांनी ते मनात जुळवलं. तपासलं. पुन्हा तपासलं.

रानातून पाचोळ्यावर पावलं येत होती. सावकाश, न थांबता.

बाईंनी तिकडे तोंड केलं आणि पलीकडची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

बहुतेकरावांनी वळून बघितलं नाही. ते समोर दरीकडे बघत राहिले. पावलं फळीमागे आली, थांबली. मग फळीचं पलीकडचं टोक कुणीतरी बसावं तसं दबलं, आणि त्यांच्याखालचं टोक हलकेच वर आलं.